वाट चुकणाऱ्या पांढऱ्या पेशी

‘डॉक्टरसाहेब, पांढऱ्या पेशी तर नॉर्मल आल्या आहेत, मग आण्णांना न्यूमोनिया कसा?’ रक्ताच्या तपासणीचा कागद पुढे करून हा प्रश्न विचारणारे नातेवाईक माझ्या दवाखान्यात दर हिवाळ्यात येतात. प्रश्न अगदी रास्त आहे. एका घनमिलिमीटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असणे हे प्रौढ माणसात स्वाभाविक मानले जाते. संसर्ग झाला की हा आकडा वाढतो, असे आपण सर्वांनीच ऐकलेले असते. तो वाढला नाही म्हणजे संसर्ग नाही, असा उलटा निष्कर्ष मग आपोआप निघतो, आणि वयोवृद्ध माणसाच्या बाबतीत तो अनेकदा घात करतो.

त्या कागदावरील आकडा पेशी किती आहेत एवढेच सांगतो. त्या जिथे जायला हव्यात तिथे पोहोचतात का आणि पोहोचल्यावर काय करतात, याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. तरुण शरीरात या दोन गोष्टींमध्ये फारसे अंतर नसते. पासष्टीनंतर मात्र ते पडू लागते. हे अंतर शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता आले ते जिवंत पेशी काम करताना दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकांमुळे. या पंधरवड्यात त्याविषयी लिहितो आहे, कारण घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना त्यातून काही गोष्टी कायमच्या उमजतील, असे मला वाटते.

आमच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा कोपऱ्यावरच्या छोट्या प्रयोगशाळेत काय, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, वाळवून, त्यावर लीशमनचा जांभळा रंग चढवून पाहण्याची रीत एकच आहे. थेंब वाळला की त्यातील पेशी मेलेली असते. रंग दिल्यावर तिचा तीन-चार पाकळ्यांचा गर्भ उठून दिसतो आणि ‘ही न्यूट्रोफिल’ असे आपण ओळखतो. आपल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक संख्या बहुधा याच न्यूट्रोफिलांची असते. अस्थिमज्जा दररोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल घडवते. पेशींना रंग देऊन त्यांच्या जाती ओळखण्याचा पाया जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला. ही पद्धत आजही उत्तम आहे. पण फोटोवरून माणसाची ओळख पटली, तरी त्याची चाल काही कळत नाही.

ती चाल पाहिली ती इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. सन १८८२. सिसिली बेटावरील मेसिना गावी त्याचा मुक्काम होता. घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या पारदर्शक पिलातील फिरत्या पेशी न्याहाळत बसला होता. या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूला घेरत असतील तर, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने बागेतील गुलाबाचे काटे आणून त्या पिलांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

आपल्याकडे शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे लाली येते, ठणका लागतो, नंतर पू होतो. तो पू म्हणजे मुख्यतः झुंजून मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच ढीग असतो. मेचनिकोव्हने पाहिले ते हेच, फक्त सुरुवातीपासून आणि जिवंतपणी. जंतू गिळणाऱ्या या पेशींना पुढे ‘भक्षकपेशी’ हे नाव मिळाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि एर्लिक यांना विभागून देण्यात आले.

मेचनिकोव्हचा एक विद्यार्थी आपल्या मुंबईचा उपकारकर्ता ठरला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून नांदणारी ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. प्लेगच्या भीतीने गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी ज्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांना या नावाचे मोल सांगायला नको.

तारामाशाचे पिलू पारदर्शक होते म्हणून मेचनिकोव्हला आत पाहता आले. माणूस किंवा उंदीर पारदर्शक नसतो, आणि पुढील शतकभराची अडचण तीच होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी काचपट्टीवरील ताज्या मानवी रक्ताचे चलच्चित्र टिपले. एक न्यूट्रोफिल तांबड्या पेशींच्या गर्दीतून अंग चोरत, वळणे घेत एका जंतूचा पाठलाग करते आणि अखेर त्याला गिळते. जेमतेम काही क्षणांचे हे चित्रण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही दाखवतात. पण ती काचेवरची झुंज होती. शरीराच्या आत, मांसपेशींच्या दाटीत काय घडते, हे अजून अंधारातच होते.

तो अंधार कसा दूर झाला, याचा अनुभव आपण घरबसल्या घेऊ शकता. रात्री मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावर बोटे घट्ट दाबून धरा. बोटांतून आरपार येणारा प्रकाश तांबडा दिसेल. इतर रंग मांसात शोषले आणि विखुरले जातात. तांबडा त्यातल्या त्यात खोलवर जातो. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. १९९० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेन्क, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी नेमका हाच प्रकाश वापरणारा ‘टू-फोटॉन’ सूक्ष्मदर्शक तयार केला. जेलीफिश या समुद्री प्राण्यात सापडलेले हिरवे चमकणारे प्रथिनही पुढे प्रयोगशाळेतील उंदरांच्या पेशींत आणता येऊ लागले. ज्या पेशी पाहायच्या त्यांना असे चमकवायचे, उंदराला भूल द्यायची आणि अवरक्त लेसरने पाव-अर्धा मिलिमीटर खोलीवरचे चित्र क्षणाक्षणाला टिपायचे, अशी ही रीत. २००२ पासून लसिकाग्रंथींतील पेशींची धावपळ अशी दिसू लागली.

धावपळ म्हटले, तरी वेग लक्षात घ्या. या पेशी मिनिटाला साधारण १० ते २० मायक्रॉन सरकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा तासाला साधारण एक मिलिमीटर. रक्तप्रवाह त्यांना जखमेच्या जवळ आणून सोडतो. शेवटचा मिलिमीटर मात्र त्यांना स्वतःच्या पायांनी काटावा लागतो.

२०१८ मध्ये एरिक बेटझिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. जिवंत शरीरातून येणारा प्रकाश वाटेत वेडावाकडा होतो. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडची माणसे लहरताना दिसतात, तसाच हा प्रकार. हवेमुळे लुकलुकणारे तारे स्थिर दिसावेत म्हणून खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीत क्षणोक्षणी आकार बदलणारा आरसा बसवतात; आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ने कॅलिफोर्नियातील कॅलटेकबरोबर अशा तंत्राची ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा उभारली आहे. बेटझिग यांनी हीच दुर्बिणीची युक्ती सूक्ष्मदर्शकात आणली. झेब्राफिश माशाच्या पिलाच्या कानात फिरणाऱ्या आणि साखरेचे कण गिळत जाणाऱ्या प्रतिकारपेशी तीन मितींत दिसल्या. हा इवलासा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच नद्या-ओढ्यांतला आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

‘ही तपासणी आमच्या बाबांची कुठे करून मिळेल?’ असे कोणी विचारण्याआधीच सांगतो: कुठेही नाही, आणि तिची गरजही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांतील प्रगत सूक्ष्मदर्शक संशोधनासाठी असतात. रुग्णाचा अहवाल देण्यासाठी नव्हेत. ‘प्रतिकारशक्ती मोजून देतो’ म्हणणाऱ्या महागड्या पॅकेजांपासून चार हात दूरच राहा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात एलिझाबेथ सेपी, जॅनेट लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांच्या आणि निरोगी वृद्धांच्या रक्तातील न्यूट्रोफिल काचेच्या कप्प्यात सोडले, एका बाजूला संसर्गाची चाहूल देणारे रसायन ठेवले आणि त्यांची हालचाल चित्रित केली. २०१४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. वृद्धांच्या पेशींचा वेग तरुणांच्या पेशींइतकाच होता. बिघडली होती ती दिशा. तरुणांच्या पेशी बऱ्याच सरळ रेषेत लक्ष्याकडे जात, तर वृद्धांच्या पेशी इकडेतिकडे वळत, नागमोडी भटकत राहत. माळेगावच्या यात्रेत चुकलेल्या माणसाचे पाय थकलेले नसतात. त्याला आपली राहुटी सापडत नसते, इतकेच. तशी यांची अवस्था होते.

या भटकण्याचे दोन तोटे आहेत. एक तर संसर्गाच्या जागी कुमक उशिरा पोहोचते. दुसरे म्हणजे न्यूट्रोफिल वाट काढताना आजूबाजूच्या ऊती विरघळवणारी द्रव्ये सोडत जातात. वाट जितकी लांब आणि वाकडी, तितकी निरोगी ऊतींची हानी अधिक. वृद्धाचा साधा न्यूमोनिया त्याला महिनाभर अंथरुणाला का खिळवतो, याचे एक कारण येथे असावे.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील सुसान नूरशार्ग यांच्या गटाने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तवाहिन्या जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडू लागलेल्या न्यूट्रोफिलांपैकी काही अर्ध्या वाटेवरून माघारी फिरून पुन्हा रक्तात शिरत होत्या. माघारी फिरलेल्या या चवताळलेल्या पेशी पुढे फुप्फुसात जाऊन अडकत आणि जिथे काही भांडण नव्हते तिथे नुकसान करत. दोष आजूबाजूच्या वृद्ध ऊतीत होता. तेथील मास्ट पेशी ‘इकडे या’ असे सांगणारे रसायन इतके जास्त सोडत होत्या की त्या गलक्यात न्यूट्रोफिलांना नेमकी दिशाच उमगेना. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसात सर्व तसेच घडते, असे म्हणता येणार नाही. तरीही पायाच्या जखमेने किंवा लघवीच्या संसर्गाने आजारी पडलेल्या वृद्धाला पुढे अचानक धाप लागते, हे पाहणाऱ्या आम्हा डॉक्टरांना या चित्रांनी विचारात पाडले आहे.

‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णे, सरबते आणि गोळ्या यांच्याविषयी माझे मन का साशंक असते, हेही यावरून लक्षात यावे. वृद्ध शरीरात पेशींची वाणही नसते आणि जोरही कमी नसतो. कमी पडते ती शिस्त. दिशाहीन फौज वाढवून काय साधणार? शिवाय गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही रक्तातला आकडा फुगतो. उलट खरा संसर्ग असताना तेच स्टेरॉइड ताप दाबून ठेवते. म्हणून आजोबांना दवाखान्यात आणताना त्यांच्या उशाखालची पुडीही सोबत आणा. आम्ही रागावणार नाही.

तापाचा विषय निघालाच आहे, तर काळजीवाहकांनी हे नीट वाचावे. गंभीर संसर्ग असूनही सुमारे २० ते ३० टक्के वृद्धांना ताप अगदी कमी येतो किंवा मुळीच येत नाही. मागील हिवाळ्यात जवळच्याच एका खेड्यातून पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना घेऊन त्यांची सून आली होती. ‘मामांना ताप नाही बघा, खोकलाही नाही. पण काल संध्याकाळपासून मला ओळखीनात. जेवण नको म्हणायलेत, आणि रात्री उठताना पडलेसुद्धा,’ असे ती सांगत होती. मुलाचे म्हणणे, वय झाले, आता असे व्हायचेच. मी श्वास मोजले. मिनिटाला ३२. पुढे छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला; पांढऱ्या पेशी होत्या ९,२००. वेळेवर दाखल झाले आणि दहाव्या दिवशी चालत घरी गेले. कोणत्याही यंत्रापूर्वी त्या सुनेने निदान केले होते: ‘कालपर्यंत असे नव्हते.’

एकाएकी आलेला गोंधळ, असंबद्ध बोलणे, दिवसा सारखी झापड, जेवणावरची वासना उडणे, कारण नसताना पडणे, चालता येत असलेल्याने अंथरुण धरणे, नव्याने लघवी कपड्यात होणे, यांपैकी काहीही दिवसा-दोन दिवसांत उद्भवले तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपण वर्षांनी येते. एका रात्रीत येत नाही. या साऱ्यामागे दरवेळी संसर्गच असेल असे नाही. साखर कमी झालेली असेल, सोडियम घसरलेले असेल, पक्षाघाताची सुरुवात असेल. पण यांपैकी काहीही घरी थांबण्यासारखे नाही.

वृद्ध मंडळी निरोगी असताना आठवडाभर सकाळी त्यांचे तापमान मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. अनेकांचे नेहमीचे तापमान ९७ फॅरनहाइटच्या आसपासच असते. अशा व्यक्तीला ९९ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. नेहमीपेक्षा २ अंशांची वाढ हा वृद्धांत तापच मानावा. तोंडात मोजलेले १०० च्या वर गेले, तर एकदाच गेले तरी पुरे. हात लावून पाहण्यावर विसंबू नका. आणि श्वास मोजायला शिका. पूर्ण एक मिनिट, पोटाच्या किंवा छातीच्या हालचालीकडे पाहत, त्यांना न सांगता. सांगितले की श्वासाची लय बदलते. स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळे दोन शब्द. रक्तातील साखर सतत चढी राहिली की न्यूट्रोफिलांची चालही बिघडते आणि गिळण्याची क्षमताही. त्यातच पायांची संवेदना गेलेली असते, त्यामुळे काटा मोडल्याचे कळत नाही. मेचनिकोव्हच्या तारामाशाच्या पिलात गराडा रात्रीत पडला; अशा पायात तो नीट पडतच नाही, आणि लाली-ठणका फारसा न होता जखम आतून पसरते. पन्नाशीपुढच्या मधुमेही शेतकऱ्याने पावसाळ्यातही चपलेशिवाय बांधावर जाऊ नये. रोज झोपण्यापूर्वी घरातील कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. सासऱ्यांच्या पायाला हात लावताना सुनेला संकोच वाटतो, असे मला सांगतात. मग नातवाला हे काम द्या. पोरे ते आवडीने करतात.

चालण्याबद्दल मी या सदरात नेहमीच लिहितो, पण या वेळी त्यामागे नवे कारण आहे. बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये असे नोंदवले की रोज जास्त पावले चालणाऱ्या निरोगी वृद्धांच्या न्यूट्रोफिल कमी चालणाऱ्यांच्या मानाने अधिक चांगली चाल राखून होत्या. चालल्यामुळेच असे घडले की मुळात धडधाकट असलेलेच जास्त चालतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी पथ्य स्वस्त आहे. आमच्याकडे विद्यापीठाच्या परिसरात रोज सकाळी काठी टेकत फिरणारी ज्येष्ठ मंडळी दिसतात. थंडीत जरा ऊन वर आल्यावर निघा, एवढेच त्यांना सांगतो.

लसींबाबतही या ऋतूत विचार व्हावा. साठीनंतर, विशेषतः दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर, फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. वृद्धांत लसीचा प्रतिसाद तरुणांइतका जोरकस नसतो हे खरे, पण शत्रूची आधीच ओळख असेल तर तो जंतू प्रतिद्रव्यांनी चिन्हांकित होतो, आणि असा चिन्हांकित जंतू गिळणे न्यूट्रोफिलांना सोपे जाते. घरात लहान नातवंडे शाळेत जाणारी असतील तर त्यांचेही लसीकरण पूर्ण ठेवा. आजी-आजोबांपर्यंत खोकला बहुधा त्यांच्याच दप्तरातून येतो.

आणि दवाखान्यात येताना एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: नेहमीचे तापमान किती, आजचे किती, श्वास किती, आणि ‘असे नव्हते’ हे नेमके कधीपासून. रक्ताच्या अहवालाच्या वर तो कागद ठेवा. मी आधी तो वाचतो.